तेरच्या गाड्या आणि आखूड साखळीचा आग्रह

हातमागाविषयी बोलताना एक मत हल्ली सिद्धान्तासारखे मांडले जाते. पूर्वी विणकराला सारे गावातच मिळे, म्हणून तो तरला. कच्चा माल लांबून येऊ लागला आणि धंदा धोक्यात आला. तेव्हा साखळी आखूड करा. यामागचा विणकराविषयीचा कळवळा खरा आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाहतूक थांबली तेव्हा तर हे मत अनेकांना पटले. तरी मला ते मान्य नाही.

धाराशिव जिल्ह्यातले तेर पाहा. प्राचीन तगर म्हणजे हेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर आहे. तिथून साधे कापड आणि तलम वस्त्रांचे नाना प्रकार गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला जात. किनाऱ्याकडचा माल तगरात येई तो वेगळाच. तेरणाकाठचा हा कापडधंदा गावाच्या वेशीत मावणारा कधीच नव्हता. त्याच ग्रंथात कल्याण बंदराची कोंडी झाल्याचे आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेत असल्याचे लिहिले आहे. तेरला कल्याण जवळचे, भडोच लांबचे. जवळचे दार अडले असताना लांबच्या वाटेवर गाड्या चालत होत्या, हे मला फार बोलके वाटते.

आता सर्वांत आखूड साखळी घ्या: घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर धनगराची, विणकाम सनगराचे, खळ चिंचोक्याची. परमुलखातले काहीच नाही. मग ती का खंगली? मागणी घटली हे एक कारण. दुसरे असे की मेंढपाळाला मांसाचा भाव मिळू लागला, लोकरीचा मिळेना. माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या मेंढ्या कळपांत वाढल्या. विणकराला लोकरीची दुसरी वाटच नव्हती. उलट येवल्याची पैठणी कर्नाटकातले रेशीम आणि सुरतेची जर घेऊन आजही विणली जाते.

यावर कोणी म्हणेल, पैठणीला लग्नाचे गिऱ्हाईक आहे, घोंगडीला नाही. आक्षेप रास्त आहे. पण गिऱ्हाईक असूनही रेशीम महागले की लहान विणकराचाच जीव टांगणीला लागतो. तेव्हा माल किती कोसांवरून आला याआधी विचारायला हवे की सूत कोणाच्या घरात साठले आहे आणि भाव चढल्यावर तोटा कोणाच्या अंगावर पडतो. मराठवाड्यातले शेतकरी तुती लावतात, कोष काढतात. तरी कित्येक वर्षे ते कोष विकायला रामनगरला न्यावे लागत. शेजारच्या रानात पिकलेले रेशीम येवल्याच्या मागावर यायला कर्नाटकातून फिरून येई.

मागणी करायचीच तर विणकरांच्या सामाईक साठ्याची करावी: हंगामापुरते सूत, दोन ठिकाणांहून घेतलेले. आणि घोंगडीसाठी, कातरणीच्या दिवशीच मेंढपाळाच्या हातात लोकरीचे रोख पैसे.