कानाचं मशीन कपाटात नको, कानात हवं : घरातल्या मोठ्यांसाठी माहिती

शिर्डीत शांतता तशी कमीच. नगर-मनमाड महामार्गाचे हॉर्न, भाविकांची गर्दी, दुकानांपुढची हाकाहाक, लग्नसराईत डीजे. अशा गावात घरातल्या मोठ्यांना कमी ऐकू येऊ लागलं तर ते लवकर लक्षातच येत नाही. टीव्हीचा आवाज वाढत जातो, अब्बा प्रत्येक वाक्याला "काय?" विचारतात आणि काही दिवसांनी विचारणंही सोडून देतात. जुम्याला मशिदीत जातात, पण बयान कळत नाही म्हणून मागच्या सफमध्ये गप्प बसतात. नुकसान फक्त कानाचं होत नाही, माणूस घरात असून एकटा पडतो.

ऐकू येतं, पण कळत नाही

वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुतेक वेळा बारीक, तीव्र आवाज आधी जातात. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं निसटतात. 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं. म्हणून ओरडून बोलण्याचा फायदा होत नाही. आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाही.

आधी तपासणी

कधी कारण साधा मळ असतो, कधी पडद्याला छिद्र असतं. त्यामुळे कानात गरम तेल घालू नका, आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत, राहाता तालुक्यातच लोणीला प्रवरेचं मेडिकल कॉलेज आहे. जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या. ऑडिओमेट्री या तपासणीत कोणता आवाज किती कमी ऐकू येतो याचा आलेख मिळतो. मशीन त्या आलेखाप्रमाणे लावलं जातं. म्हणून शेजाऱ्याचं मशीन किंवा ऑनलाइन मिळणारं आवाज वाढवणारं स्वस्त यंत्र वापरू नये.

एका किंवा दोन्ही कानांनी अचानक ऐकू येणं बंद झालं तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उपचाराला उशीर झाला की ऐकू येणं परत येण्याची शक्यता कमी होते.

पहिला महिना महत्त्वाचा

मशीन लावताच सगळं पूर्वीसारखं होत नाही. भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या पावलांचा आवाज नकोसा वाटतो. मेंदूला या आवाजांची सवय सुटलेली असते. सुरुवातीला शांत खोलीत एक-दोन तास लावा, रोज थोडा वेळ वाढवा, मग बाजारात लावून जा. त्रास होत असेल तर मशीन काढून ठेवण्याऐवजी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन सेटिंग बदलून घ्या. दोन-तीन फेऱ्या लागतातच.

वजू, इत्तर, ओढणी

- वजू आणि आंघोळीआधी मशीन काढा. डबी खिशात ठेवा, वजूखान्याच्या कठड्यावर नको. कान कोरडा करूनच परत लावा.
- इत्तराचा फाया मशीनच्या कानात ठेवू नका. तेलाने माइकची छिद्रं बुजतात. केसांचं तेलही आधी पुसून घ्या.
- टोपी, ओढणी किंवा हिजाब मशीनवर घट्ट बसला तर शिट्टी वाजते, खसखस ऐकू येते. तिथे कपडा थोडा सैल ठेवा.
- मशिदीत इमामसाहेबांजवळ किंवा भोंग्यापासून थोडं दूर, जिथे शब्द स्पष्ट येतात, ती जागा शोधा.
- सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवा, कारण हा सेल हवेवर चालतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा. पावसाळ्यात मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर धोका असतो.

घरच्यांचं काम

समोर येऊन, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोला. आधी नावाने किंवा नात्याने हाक मारा, मग विषय काढा. समजलं नाही तर तेच वाक्य ओरडून सांगू नका, शब्द बदलून सांगा. जेवताना टीव्ही बंद ठेवा. आणि "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य कधीच नको. अम्मी-अब्बांना सगळ्यात जास्त तेच लागतं.

खर्चासाठी मदत

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. त्यात श्रवणयंत्रही येतं. चांगलं मशीन या रकमेत बसत नाही, पण हातभार लागतो. केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळतं. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढावं लागतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं आहे.

चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग मशीनची लाज कसली? घरात कुणाचं मशीन कपाटात पडून असेल तर आज बाहेर काढा, सेल बदला आणि त्यांच्यासमोर बसून दहा मिनिटं बोला.