अनवाणी पायांची मॅरेथॉन

तोरणमाळचा घाट अनवाणी चढणारं पोरगं मुंबई मॅरेथॉनला निघालं की पहिला प्रश्न बुटांचा. ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे बरं का. १९१९ मध्ये पुण्यात, डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत, दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. त्यातून १९२० ला भारताचा संघ अँटवर्प ऑलिम्पिकला गेला. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत धावून १९ वे आले; सदाशिव दातारांना मात्र शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. म्हणजे शेवटपर्यंत पोचणं हीच मोठी कमाई. मुंबईत पेडर रोडचा चढ उत्तरार्धात येतो. सातपुड्याच्या पायांना चढाचं काय भ्या? फक्त नवे बूट त्याच दिवशी घालू नका!