पाळीमागचं पाणी

मे संपता संपता नवतपा लागतो आणि गोंदियाचा पारा ४५ अंशांकडे सरकतो. याच जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पण खालचा खडक तो फारसा मुरू देत नाही. आधी पूर, मग भट्टी. दोन्हींवर इथल्या माणसानं एकच उतारा शोधला: तलाव.

हे काम मुख्यतः कोहळी समाजाचं. चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजानं त्यांना बनारसकडून आणलं, अशी परंपरा आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात. लोकांनी त्याचा कोलासूर देव केला. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, पाळ उभारताना त्यांनी हात दिला म्हणे. धरण बांधणाऱ्याला असा मान क्वचितच मिळतो.

पाळीत तुडूम असे, एकावर एक भोकं आणि त्यांना लाकडी गुडद्या. पाणी उतरेल तशी खालची गुडदी काढायची. पाऊस दडी मारतो तेव्हा, भाद्रपदात धान निसवताना, हेच पाणी बांधीत सोडायचं. वरचा तलाव भरला की सांडव्यातून खालचा भरे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ काढून शेतात टाकायचा.

१८६१ साली मध्य प्रांत झाला, पुढच्या बंदोबस्तात मालगुजार गावाचे मालक झाले आणि आधीचे तलावही मालगुजारी म्हणून ओळखले जाऊ लागले. मालगुजार घेत त्या बेगारीचं कौतुक नको, पण पाळ फुटली तर माणसं गोळा करणारा कुणीतरी होता. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. छोटे पुढं जिल्हा परिषदेकडे आले. आता कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी', बोलताना 'मामा तलाव'. मालकी बदलली यात वावगं काही नव्हतं. दरवर्षी गाळ कुणी काढायचा, हे मात्र ठरलं नाही. तळ वर आला, कडेनं बेशरम ही तणवनस्पती माजली. उथळ पाणी उन्हानं लवकर आटतं, मासे आधी जातात आणि मासेमार ढिवरांची चूल अडते.

म्हणूनच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी तलावात उतरून बेशरम उपटायला घेतली. मोकळ्या जागेत त्या देशी पाणवनस्पती लावतात, कारण मासे त्यांच्याच आडोशानं वाढतात.