टंचाईतून घडलेली कारागिरी : नाशिक आणि जुन्या मोटारसायकलींची पुनर्बांधणी

नाशिकमध्ये जुनी मोटारसायकल घराच्या अंगणात किंवा इमारतीखालच्या पार्किंगच्या कोपऱ्यात पूर्ण उघडून, हाताशी असलेल्या थोड्या पैशांत पुन्हा चालती करण्याचा जो प्रघात आज दिसतो, त्याकडे अलीकडच्या पिढीचा छंद म्हणून पाहिले जाते. परंतु त्याची मुळे स्वातंत्र्योत्तर काळातील वाहनटंचाईत आणि या शहराच्या धातुकामाच्या जुन्या परंपरेत आहेत. ज्या काळी नवे वाहन मिळणे दुरापास्त होते, त्या काळी जुने वाहन टिकवणे ही गरज होती, आणि त्या गरजेपोटी जे कौशल्य, जे बाजार आणि जी दुरुस्तीची भाषा तयार झाली, त्यांच्याच आधारावर आजचा हौशी माणूस कमी खर्चात गाडी उभी करू शकतो. म्हणून या प्रघाताचा इतिहास हा मोटारसायकलींच्या इतिहासापेक्षाही लेथवाले, फिटर, पत्र्याचे कारागीर आणि भंगारवाले यांचा इतिहास आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

नाशिकलगतच्या देवळालीत ब्रिटिश काळापासून लष्करी छावणी होती आणि पुढे तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून तिची ओळख दृढ झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने निरोप्यांसाठी मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरल्या. त्यांपैकी बीएसए कंपनीची एम २० ही एकटीच सुमारे सव्वा लाखाच्या घरात बनवली गेली. युद्ध संपल्यावर भारतात उरलेली लष्करी सामग्री लिलावाने विकली गेली आणि अशा वाहनांना लोकव्यवहारात ‘डिस्पोजलची गाडी’ हे नाव पडले. एम २० चे इंजिन ४९६ सीसीचे, म्हणजे सिलिंडरमधील पोकळी तेवढ्या घन सेंटिमीटरची, आणि ‘साइड व्हॉल्व्ह’ पद्धतीचे होते. या पद्धतीत हवा-इंधन आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला बसवलेल्या असतात, त्यामुळे वेग कमी मिळतो, पण डोके उतरवून आत साचलेली काजळी खरवडणे कोणत्याही मेहनती माणसाला जमते. सैनिकाला रणभूमीवर थोड्या हत्यारांनी दुरुस्त करता यावी म्हणून जी रचना केली गेली, तीच पुढे नागरी जीवनात घरगुती दुरुस्तीला अनुकूल ठरली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि वाहन-उत्पादन परवान्यांच्या चौकटीत बांधले गेले. मद्रासमध्ये १९५५ साली एन्फिल्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट देशात तयार होऊ लागली. १९६१ मध्ये इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रज्ञानावर जावा बनवायला सुरुवात केली. तर १९६२ पासून एस्कॉर्ट्सने पोलिश बनावटीच्या आराखड्यावरून राजदूत बाजारात आणली. महाराष्ट्रापुरते पाहिले तर मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा आणि पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणारी बजाजची स्कूटर यांचे वर्चस्व मोठे होते. मागणीच्या मानाने उत्पादन मात्र इतके अपुरे होते, की स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नवी गाडी एवढी दुर्लभ असताना जुनी गाडी मोडीत काढण्याचा विचारही कोणी करीत नसे. ती मुलाकडे जाई, भावाकडे जाई, किंवा तिसऱ्या-चौथ्या मालकाला विकली जाई, आणि प्रत्येक हस्तांतरणापूर्वी कोणीतरी मिस्त्री तिचे इंजिन एकदा खाली उतरवीत असे.

या मिस्त्रींना ज्या शहराने हात दिला, त्या शहराची घडण इथे समजून घ्यायला हवी. यंत्रयुगाच्या कितीतरी आधीपासून नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि तांबट लेन, भांडी बाजार ही जुन्या गावातील नावे त्या व्यवसायाची साक्ष देतात. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सरकारी छापखाने आले आणि त्यांच्याबरोबर अचूक यंत्रांची देखभाल करणारा कुशल कामगारवर्ग आला. १९६० च्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना सुरू झाला, १९७० च्या सुमारास डिझेल इंजिनांना इंधन पुरवणारे सूक्ष्म भाग बनवणारी ‘मायको’ सातपुरात आली, आणि पुढे महिंद्राचा वाहन कारखाना व अंबडची वसाहत यांची भर पडली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना उमेदवार घेणे बंधनकारक केल्यामुळे सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा तरुणांना मोठ्या कारखान्यांत काम शिकायला मिळाले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा मायक्रोमीटर ज्या शहरात हजारो हातांच्या रोजच्या सवयीचा असतो, त्या शहरात एखाद्या जुन्या गाडीचा न मिळणारा बुश किंवा पिन वळवून घेणे फारसे अवघड राहत नाही. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपांचे हे जाळे, म्हणजेच नाशिककर हौशी माणसाचे खरे भांडवल होय.

कमी खर्चातील पुनर्बांधणीचे तंत्र कोणत्या ज्ञानावर उभे आहे, हे इंजिनाच्या कामावरून सर्वांत स्पष्ट दिसते. जावा, राजदूत आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या तिन्ही गाड्या टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत पूर्ण चक्र संपवणाऱ्या. त्यांच्या सिलिंडरात झडपांऐवजी भिंतीतच कोरलेली भोके, म्हणजे पोर्ट, असतात. वापराने सिलिंडरची भिंत झिजून तिचा गोलावा बिघडतो, तेव्हा ती यंत्रावर किंचित मोठी कापून घेतात, यालाच ‘बोअर करणे’ म्हणतात, आणि त्या मापाचा जाडा पिस्टन घालतात. असे पिस्टन साधारणपणे पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढत्या मापांत येतात. जाणता कारागीर आधी पिस्टन हाती आल्याशिवाय सिलिंडर कापायला घेत नाही, कारण छापील मापावर विसंबण्याऐवजी तो प्रत्यक्ष पिस्टन मोजतो आणि त्यानुसार फट ठेवतो. ही फट कमी पडली तर तापल्यावर पिस्टन जाम होतो, जास्त झाली तर खडखडतो. टू-स्ट्रोकच्या बाबतीत आणखी एक काम उरते, ते म्हणजे कापल्यानंतर धारदार झालेल्या पोर्टच्या कडा कानशीने व पॉलिश पेपरने हलकेच बोथट करणे. ते राहून गेल्यास पिस्टनची रिंग त्या कडेत अडकून तुटते आणि नुकताच केलेला सारा खर्च वाया जातो.

बेअरिंगच्या खरेदीतही अशीच जाण पैसे वाचवते. गाडीच्या कंपनीचे नाव छापलेल्या खोक्यातील बेअरिंग एक तर मिळत नाही, आणि मिळालेच तर महाग पडते. परंतु जुन्या बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला आकडा बहुधा आंतरराष्ट्रीय मापपद्धतीतला असतो. ६२०४ या आकड्यातील शेवटचे ०४ पाचाने गुणले की आतील भोकाचे माप २० मिलिमीटर निघते, ६२०५ असेल तर २५; याच मालिकेतील ६२०४ चा बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर असते, मग ते बेअरिंग मोटारसायकलचे असो वा पाण्याच्या पंपाचे. द्राक्षबागांमुळे आणि कारखान्यांमुळे पंप-मोटारींची दुरुस्ती जिथे बाराही महिने चालते, अशा जिल्ह्यात हे माप कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सापडते. वेगाने फिरणाऱ्या क्रँकसाठी मात्र अधिक मोकळ्या फटीचे, ‘सी ३’ असा शिक्का असलेले बेअरिंग मागून घ्यावे लागते. ऑइल सीलचेही तेच: आतील व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे रबरावरच उमटवलेले असतात.

पेट्रोलच्या टाकीचे काम तर यंत्रयुगापूर्वीच्या धातुकामाशी थेट नाते सांगते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजते; तिच्यात बारीक खडी किंवा नट घालून ती हलवतात, सौम्य आम्लाने गंज सोडवतात, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतात आणि लगेच कोरडी करतात. गंजाने पडलेली बारीक भोके डाख देऊन, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाने, बुजवली जातात. कल्हई करताना भांड्यावरील मळ काढण्यासाठी कल्हईवाला नवसागर वापरतो, तेच तत्त्व इथेही लागू पडते. पत्र्यावर डाख धरावा म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचे तुकडे विरघळवून केलेले द्रावण आधी फासतात. मात्र रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण आत उरलेली पेट्रोलची वाफ ठिणगीने स्फोट घडवू शकते. त्यासाठी टाकी नीट धुऊन, भोकाची जागा तेवढी वर ठेवून, बाकी पाण्याने काठोकाठ भरून मगच हे काम करतात. पैसे वाचवण्याच्या भरात ही काळजी टाळणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही.

मूळ सुटे भाग मिळवण्याची वाट अनेक वर्षे भंगारातून जात होती. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकाने यांच्या जोडीला नाशिकमध्ये सातपूर-अंबड लिंक रोडवर मोठा भंगार बाजार वाढला. तो अनधिकृत होता, त्याविरुद्ध न्यायालयीन लढा झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात तो हटवला. नंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या दुकानांवर २०२५ च्या सुरुवातीस पुन्हा कारवाई झाली. नागरी शिस्तीच्या दृष्टीने ही कारवाई समर्थनीय असली, तरी जुन्या गाडीचा मडगार्ड, हेडलाइटची वाटी किंवा कार्बोरेटरचे झाकण किलोच्या भावात हाती लागण्याची एक जागा तिच्याबरोबर गेली, हेही नोंदवले पाहिजे. त्यानंतरचा ग्राहक दिल्लीच्या करोल बागेतून येणाऱ्या नव्या नकली भागांकडे वळला; ते दिसायला चकचकीत असतात, पण पत्रा पातळ आणि भोके जागेवर न बसणारी असतात. वाकलेला मूळ मडगार्ड पत्र्याच्या कारागिराकडून ठोकून घेणे हे नवा नकली मडगार्ड बसवण्यापेक्षा खर्चाच्या आणि इतिहासाच्या अशा दोन्ही दृष्टींनी श्रेयस्कर होय.

क्रोमच्या बाबतीत मात्र काटकसरीला मर्यादा आहे. लोखंडावर प्रथम तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा अत्यंत पातळ थर चढवला जातो. चकाकी निकेलची असते आणि क्रोम तिचे रक्षण करतो. या प्रक्रियेतील सांडपाणी अतिशय विषारी असल्याने त्यावर शुद्धीकरणाची बंधने आहेत आणि नंदिनी व गोदावरी या नद्यांची अवस्था पाहता ती असायलाच हवीत, मग त्यापायी दर वाढले तरी हरकत नाही. टाकीच्या बाजूंना क्रोम असलेल्या जुन्या जावाच्या मालकापुढे म्हणूनच कठीण निवड उभी राहते; जिथे मूळ थर शाबूत आहे, तिथे तो केवळ स्वच्छ करून, थोड्या डागांसह राखणे हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक आहे.

१९९६ हे वर्ष या इतिहासातील वळण ठरले. त्या वर्षी आरएक्स १०० चे उत्पादन थांबले आणि म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखानाही बंद पडला. चार-स्ट्रोक गाड्यांचे कमी इंधनखर्चाचे आकर्षण आणि धुराचे कडक होत गेलेले निकष यांपुढे टू-स्ट्रोक मोटारसायकली टिकल्या नाहीत. काही वर्षे या गाड्यांना कोणी विचारीत नव्हते आणि कित्येक गाड्या गोठ्यात, जिन्याखाली पडून राहिल्या. पुढे जावा आणि त्याच कारखान्यात नंतर बनलेली येझदी यांच्या चाहत्यांचे मेळावे भरू लागले, जुलैचा दुसरा रविवार त्यांचा दिवस म्हणून रूढ झाला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आले. त्या कौतुकाबरोबर जुन्या सांगाड्यांचे भाव चढले आणि अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी घरी पडून असलेली वडिलांची किंवा काकांची गाडी हाच परवडणारा पर्याय उरला.

अशा गाडीचे काम इंजिन सुरू झाल्याने संपत नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून तिचे नूतनीकरण करावे लागते. आरसी बुक हरवले असल्यास दुसरी प्रत नमुना २६ वर मागावी लागते. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून उतरवलेला ठसा कागदपत्रांशी जुळला पाहिजे, म्हणून सांगाडा रंगवताना त्या जागेवर जाड पुट्टी किंवा रंग चढू न देण्याची खबरदारी जाणते रंगारी घेतात. दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ३०० वरून १,००० रुपये करण्यात आले होते. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातील वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली; तिचे शुल्क २०,००० रुपये असून तीत ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, रॅली यांसारखी कारणे सोडून एरवी रस्त्यावर आणता येत नाही. सातपूरच्या पाळीला किंवा पंचवटीतल्या बाजाराला जाण्यासाठी जो गाडी उभी करतो, त्याच्या उपयोगाची ती सोय नाही. त्याला पेठ रोडवरील परिवहन कार्यालयात जाऊन साधे नूतनीकरणच करून घ्यावे लागते, आणि १९८५ साली प्रथम नोंदलेल्या आरएक्स १०० ला तर २०३५ पर्यंत दुसरा मार्गही उपलब्ध नाही.