उशीवरचे वर्ग

शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला आपण तोंडाने श्वास द्यायला शिकलो. पुढे मी तेच शहापूर-मुरबाडच्या गावांत शिकवू लागलो. मार्च २०२०च्या टाळेबंदीने वर्ग थांबले; अमेरिकन हार्ट असोसिएशनने मुदत संपणाऱ्या प्रमाणपत्रांना १२० दिवस वाढवून दिले. पण हृदय मुदत देत नाही, आणि पाड्यावर १०८ पोचायला वेळ लागतो. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्येच सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची पद्धत सांगितली होती. तीच मोबाईलवरून शिकवली: दोघांच्याही नाकातोंडावर कापड, मिनिटाला १०० ते १२० दाब, पुतळ्याऐवजी घरची उशी. मात्र पाच सेंटिमीटरची खोली उशीवर कळत नाही. म्हणून मित्रांनो, मेळाव्याला पुतळा आणतो आहे. प्रत्येकाने दोन मिनिटे हात लावावा.