फ्रान्समधील कम्यून-संघ : उगम आणि परिणती

आपली स्वायत्तता न गमावता लहान गावाने मोठ्या खर्चाची सार्वजनिक सेवा कशी मिळवावी, हा स्थानिक स्वराज्याच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय. फ्रान्समध्ये तो विशेष तीव्रतेने उपस्थित झाला. क्रांतीच्या प्रारंभी, १७८९ साली, बव्हंशी जुन्या पॅरिशांच्याच सीमांवर कम्यून उभारण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या ३६,००० च्या घरात होती व त्यांतील बहुसंख्य अगदी लहान होते.

५ एप्रिल १८८४ च्या कायद्याने कम्यूनचा कारभार निर्वाचित परिषदेकडे सोपविला. समान हिताच्या बाबींवर शेजारच्या परिषदांनी एकत्र बसून विचारविनिमय करावा, अशीही तरतूद त्यात होती. परंतु अशा बैठकीचा निर्णय प्रत्येक परिषदेने मान्य केल्यावाचून अंमलात येत नसे. २२ मार्च १८९० च्या कायद्याने ही उणीव दूर केली. त्यान्वये स्थापन होणाऱ्या संघास स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व मिळाले. कम्यून लहान असो वा मोठा, त्याचे संघाच्या समितीवर दोन प्रतिनिधी असत. मात्र संघाच्या स्थापनेस सर्व संबंधित परिषदांची संमती आवश्यक होती. पॅरिसच्या उपनगरांनी प्रथम गॅससाठी व पुढे पाण्यासाठी असे संघ उभारले. ग्रामीण भागात वीज पोहोचविण्याच्या कामीही हेच साधन उपयोगी पडले.

या व्यवस्थेचे बळ ऐच्छिकतेत होते, आणि मर्यादाही तीच होती. एका परिषदेचा नकार साऱ्या योजनेस रोखू शके. म्हणून ५ जानेवारी १९५९ च्या अध्यादेशाने एकमताऐवजी विशेष बहुमताचे तत्त्व स्वीकारले आणि एकाच संघाने अनेक सेवा चालविण्यासही वाव दिला. १९६६ च्या कायद्याने तर बोर्दो, लील, लियाँ व स्ट्रासबूर येथे संसदेनेच नागरी समुदाय स्थापन केले. याउलट, कम्यूनचे विलीनीकरण घडवून आणण्यासाठी केलेला १९७१ चा कायदा फारसा फलदायी ठरला नाही. सेवा वाटून घेण्यास तयार असलेली गावे आपले नाव व आपला मेयर सोडण्यास तयार नव्हती, हेच यावरून दिसून येते.

तथापि या यशाचे मोलही द्यावे लागले. १९९२ व १९९९ च्या कायद्यांनी स्वतःचे कर बसविणाऱ्या समुदायांचा देशभर विस्तार झाला. परंतु त्यांचे सदस्य कम्यूनच्या परिषदाच निवडीत. कर देणारा नागरिक आणि तो खर्च करणारी संस्था यांच्यामध्ये अशा रीतीने एक पायरी वाढली. २०१४ च्या निवडणुकीपासून १,००० व त्याहून अधिक वस्तीच्या कम्यूनमध्ये हे सदस्य मतपत्रिकेवरच निर्दिष्ट होऊ लागले. त्याहून लहान कम्यूनमध्ये मात्र मेयर व त्याखालोखालचे परिषद-सदस्य क्रमानुसार समुदायावर जात. ज्या लहान गावांसाठी १८९० साली ही व्यवस्था जन्मास आली, त्यांच्याच मतदारांस हा अधिकार मिळाला नाही, ही गोष्ट स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासकाने दृष्टिआड करू नये.