शंकरशेट, जगन्नाथ
(१० फेब्रुवारी १८०३–३१ जुलै १८६५). मुंबईचे धनाढ्य व्यापारी, शिक्षणप्रसारक व कायदे कौन्सिलाचे सभासद. लोकांत ‘नाना’ म्हणून परिचित. जन्म ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे, दैवज्ञ ब्राह्मण ज्ञातीत. मूळ आडनाव मुरकुटे. १८२२ मध्ये वडील वारले आणि विशी गाठण्याआधीच मोठी इस्टेट व पेढी त्यांच्या हाती आली. अरब, अफगाण सौदागरही आपला ऐवज बँकेऐवजी नानांकडे ठेवत, असे सांगतात. हीच पत पुढे त्यांच्या राजकारणाचे भांडवल ठरली.

निवडणूक हा प्रकार त्या काळी नव्हताच. सभा भरवायच्या, वर्गण्या जमवायच्या, अर्ज लिहायचे आणि गव्हर्नराकडे वजन खर्च करायचे, हेच राजकारण. गिरणगावाच्या आधीच्या त्या मुंबईत नाना या चारही गोष्टींत तरबेज होते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमागे त्यांचा पुढाकार होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराविषयीची गाऱ्हाणी या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडली. गिरगावची सोनापूर स्मशानभूमी हलवण्याचा सरकारी बेत त्यांनी विरोध करून रोखला.

त्यांचा खरा कस लागला तो बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये. या सरकारी शिक्षणमंडळाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांना उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे होते. नानांनी १८४७ च्या सुमारास त्याविरुद्ध लेखी मत नोंदवले: ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत न्यायचे तर देशी भाषांवाचून गत्यंतर नाही. सरकारी मंडळात बसून अध्यक्षाच्या मताविरुद्ध असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. मुलींच्या शाळेचा प्रश्न आला तेव्हा मात्र वादात न पडता, १८४९ मध्ये त्यांनी गिरगावच्या आपल्या वाड्यातच जागा दिली.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीत त्यांचा हात होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेल्या पहिल्या गाडीच्या चारशे पाहुण्यांत ते होते. गंमत अशी, की नानांचे नाव देण्याचा राज्य सरकारचा प्रस्ताव आहे तो मात्र दुसऱ्याच, बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीच्या मार्गावरील मुंबई सेंट्रल स्थानकाला.

१८५७ च्या उठावात त्यांच्यावर संशय घेतला गेला. चौकशीत काही निष्पन्न झाले नाही. १८६१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या मुंबई कायदे कौन्सिलावर १८६२ मध्ये त्यांची नेमणूक झाली. कौन्सिलात वावरायला त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती पुढे मॅट्रिकच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना हवीशी वाटत राहिली.